नाली आधी, फरशी नंतर

‘मिस्त्री म्हणतो, आधी फरशी होऊ द्या, नालीचं मग बघू. चालेल का?’ ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गजक (तीळ-गुळाची मिठाई) बनवणारे, जवळच्या मालनपूर किंवा बानमोरला शेड घेऊन पनीर-मावा, नमकीन, मसाले सुरू करणारे वाचक हा प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा विचारतात. त्याच्यामागोमाग दुसरा येतो : ‘जाळी मोठी बसवली, पाइप सहा इंची टाकला, तरी जानेवारीत तुंबतं आणि मे महिन्यात घाण वास येतो. का?’

पहिल्याचं उत्तर ‘चालणार नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर थोडं लांब आहे. नाली कशीही निवडा, तिला एक कसोटी लावा : पाळी संपल्यावर एका कामगाराला, पाना-पक्कड न घेता, ती तळापर्यंत उघडून ब्रशने घासता येते का? येत नसेल तर ती आज ना उद्या तुंबणार. तुंबण्याआधी तिच्यात काय वाढत असेल, ते तुमच्या मालात उतरणार.

आधी ठरवा : नाली हवी आहे का?

सगळीकडे नाली ठेवली की स्वच्छता वाढते, हा गैरसमज आहे. कोरड्या खोलीत नाली म्हणजे ओल, झुरळं आणि वास यांना दिलेलं आमंत्रण. गजक कुटायची आणि पॅक करायची खोली, मसाला दळायची खोली, तयार मालाचं गोदाम, इथे झाडू, खरवडणी आणि व्हॅक्यूम वापरा. पाणी आत येऊच देऊ नका आणि नालीही ठेवू नका. पाक शिजवायची जागा, भांडी धुण्याची मोरी, दूध उतरवून घ्यायचा ओटा, पनीर दाबायची जागा, इथे मात्र ती हवीच.

शीतगृहाच्या आतही नाली टाळा. फरशीला दाराकडे उतार द्या आणि पाणी दाराबाहेरच्या नालीत पडू द्या. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि ओल्या नालीच्या कडांना चिकट थर करून वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये 2011 साली जेन्सन फार्म्सच्या खरबुजांमधून तो पसरला. 147 लोक आजारी पडले, 33 दगावले. तपासात दिसलं ते असं : पॅकिंगच्या जागी फरशीवर पाणी साचत होतं, आणि तिथली लांब नाली नीट साफ करता येईल अशी बांधलेलीच नव्हती. खरबूज तर आपण शिजवतही नाही. पनीरही घरी पुष्कळदा कच्चंच खाल्लं जातं.

मोजमाप बाहेरून आत

बहुतेक चुका इथे होतात. फरशीचा उतार मिस्त्री डोळ्यांनी ठरवतो, पाइप नंतर येतो, आणि शेवटी कळतं की बाहेरचं चेंबर फूटभरच खोल आहे. म्हणून मोजायला सुरुवात बाहेरच्या चेंबरच्या तळापासून करा आणि उलटे आत या.

एक उदाहरण घ्या. खोली 8 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब आहे, मधोमध लांब नाली आहे, बाहेरचं चेंबर 15 मीटरवर आहे.

- फरशीचा उतार 60 ला 1 : नालीपर्यंत 4 मीटर, म्हणजे सुमारे 67 मिमी.
- नालीची उथळ टोकाची खोली : 75 मिमी.
- नालीच्या तळाचा उतार 100 ला 1 : 10 मीटरला 100 मिमी.
- टोकाचा ट्रॅप : सुमारे 100 मिमी.
- 100 मिमी पाइप, उतार 57 ला 1 : 15 मीटरला सुमारे 263 मिमी.

बेरीज 600 मिमीच्या वर जाते. म्हणजे फरशीच्या सगळ्यात उंच कडेपासून चेंबरचा तळ निदान दोन फूट खाली हवा. तो तेवढा नसेल तर तीन पर्याय उरतात : फरशी उचला, चेंबर जवळ आणा, किंवा पंपाची छोटी टाकी करा. पंप हा शेवटचा पर्याय समजा, कारण वीज गेली की तो थांबतो आणि पाणी मात्र येत राहतं. चौथा पर्याय ठेकेदार सुचवतो : ‘उतार थोडा कमी करू.’ तो नाकारा.

57 ला 1 हा आकडा कुठून आला? पाणी गाळ सोबत घेऊन जाईल असा वेग सेकंदाला सुमारे 0.75 मीटर धरतात. इमारतींच्या जलनिःसारणाच्या भारतीय मानकात (आयएस 1742) त्यासाठी उतार दिले आहेत : 100 मिमी पाइपला 57 ला 1, 150 मिमीला 100 ला 1, 200 मिमीला 145 ला 1.

सहा इंची पाइप टाकूनही का तुंबतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. पाणी थोडं आणि पाइप मोठा असला की पाण्याचा पातळ ओहोळ तळाशी सरपटतो आणि बेसन, तीळ, चोथा मागेच राहतो. मोठा पाइप घेतल्याने उताराची उणीव भरून निघत नाही.

पाणी किती येतं आणि कसं येतं

दिवसाला किती लिटर यापेक्षा एका दमात किती, हे महत्त्वाचं. 500 लिटरची कढई दोन मिनिटांत रिकामी केली तर सेकंदाला चार लिटरहून अधिक पाणी येतं. 57 ला 1 उतारावरचा 100 मिमी पाइप अर्धा भरून वाहतो तेव्हा त्यातून सेकंदाला तीन लिटरच्या आसपासच जातं. उरलेलं पाणी फरशीवर पसरतं, ट्रॉलीच्या चाकांखाली आणि कामगारांच्या बुटांखाली जातं, आणि त्यासोबत नालीतलं सगळं खोलीभर फिरतं. अशी कढई रिकामी करायची जागा वेगळी ठेवा, तिथे खोलगट कुंडी करा, किंवा झडप थोडीच उघडायची शिस्त लावा. झडपेचा पाइप थेट नालीत बुडवू नका. त्याचं तोंड नालीच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर मोकळं ठेवा, म्हणजे नालीतलं पाणी उलटं यंत्रात ओढलं जाणार नाही.

पावसाचं पाणी या नालीत कधीच आणू नका. 500 चौरस मीटर छतावर तासाला 50 मिमी पाऊस पडला तर सेकंदाला जवळजवळ सात लिटर पाणी होतं. तुमचा 100 मिमी पाइप काठोकाठ भरून वाहिला तरी सहा लिटरच नेतो. ग्वाल्हेरचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबरात पडतो, म्हणून ही चूक नऊ महिने लपून राहते. ऑगस्टमध्ये चेंबर भरलं की पाणी आतल्या जाळीतून वर येतं.

संडास-मोरीची लाइनही इमारतीच्या आत या पाइपला जोडू नका. दोन्ही लाइन बाहेरच्या चेंबरपर्यंत वेगळ्या न्या. संडास तुंबला की ते पाणी जिथे सगळ्यात खाली तोंड सापडेल तिथून वर येतं, आणि ते तोंड बहुधा तुमच्या फरशीवरची जाळीच असते.

दिशा : मालाच्या उलट

हा मुद्दा सोयीचा म्हणून सांगत नाही, तो नियम आहे. अन्न व्यवसायांच्या परवाना व नोंदणीबाबतच्या 2011 च्या विनियमांतली अनुसूची 4 सांगते की फरशीला पुरेसा उतार हवा आणि निचरा उत्पादनाच्या दिशेच्या उलट वाहायला हवा. कच्चं दूध ज्या टोकाला येतं, त्या टोकाकडे नाली वाहावी. तयार पनीर असलेल्या टोकाकडे ती जाता कामा नये.

जुन्या घरातल्या कारखान्यात हे जमत नाही, कारण गल्लीतलं गटार एकाच बाजूला असतं. तेव्हा यंत्रांची मांडणी फिरवा. टेबलं सरकवायला दोन दिवस लागतात, नाली उलटवायला कारखाना बंद ठेवावा लागतो.

कोणती नाली घ्यावी

- चौकोनी जाळी, खाली ट्रॅप : स्वस्त आणि घासायला सगळ्यात सोपी. छोट्या खोलीला उत्तम. साधारण 400 चौरस फुटांना एक धरा. अडचण एकच : फरशीला चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो, आणि मोठ्या फरशा त्यासाठी तिरप्या कापाव्या लागतात. ते काम नीट झालं नाही तर कोपऱ्यात डबकी उरतात.
- लांब नाली, वर उचलायच्या जाळ्या : मोठ्या आणि खूप पाणी वापरणाऱ्या खोलीला हीच घ्या. उतार दोनच बाजूंनी द्यायचा असल्याने मिस्त्रीची चूक कमी होते. तळ गोल किंवा ‘व्ही’ आकाराचा मागा. सपाट तळावर बारीक गाळ पसरून बसतो. आतले कोपरे काटकोनी नकोत, निदान 3 मिमी गोलाई हवी, 6 मिमी असेल तर उत्तम. जाळी एक मीटरपेक्षा लांब तुकड्यांत घेऊ नका, नाहीतर ती उचलायला दोन माणसं लागतात आणि मग ती उचललीच जात नाही.
- फटीची नाली : वर फक्त बोटभर फट दिसते. दिसायला सुरेख, ट्रॉली सहज जाते. पण पाक, मावा, बेसन अशा चिकट मालाला मी ती सुचवणार नाही. फटीच्या आत काय साचलंय ते दिसत नाही आणि ब्रश आत नीट फिरत नाही. फक्त स्वच्छ पाणी येत असेल तिथे वापरा.
- विटांची, सिमेंटने लिंपलेली उघडी नाली : आपल्याकडची जुनी पद्धत. दुधातलं आम्ल सिमेंट खातं, लिंपण खरबरीत होतं, आणि त्या खरबरीतपणात चिकट थर घर करतो. इमारतीबाहेर ठीक, आत नको.

स्टेनलेस स्टील 304 दर्जाचं डेअरी आणि गजकला पुरतं. नमकीन, लोणचं, मिठाचं पाणी किंवा रोज ब्लीचची धुलाई असेल तर 316 घ्या, नाहीतर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा जंतूंची जागा होतो. ‘स्टीलची आहे’ एवढ्यावर भागवू नका, बिलावर दर्जा लिहून घ्या.

जाळीवरून काय जाणार हेही आधीच सांगा. युरोपियन मानकात (ईएन 1253) नुसती माणसं चालतात तिथे के 3, हातगाडी आणि हलकी चाकं असतील तिथे एल 15, फोर्कलिफ्ट असेल तिथे एम 125 अशा श्रेण्या आहेत. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकचं चाक छोटं आणि कडक असतं आणि सगळा भार एका ठिकाणी देतं. जाळी वाकली की उचलता येत नाही, आणि उचलता न येणारी जाळी आपल्या कसोटीला लगेच नापास होते.

फरशी आणि नालीचा सांधा

नाली चांगली आणि फरशीही चांगली असते, तरी पाणी मुरतं ते दोघींच्या मधल्या सांध्यात. स्टीलची कडा गरम पाण्याने फुगते आणि थंड झाली की आकसते. सिमेंट तेवढं हलत नाही. केसभर भेग पडते, पाणी आत जातं, खाली कुजतं. ठेकेदाराला हे करायला सांगा :

- कडेच्या पोकळीत रेझिन किंवा काँक्रीट भरून ती पोकळ राहणार नाही असं पाहा. हाताने ठोकून ऐका.
- कडेभोवती लवचीक सीलंटची रेघ द्या. ती दरवर्षी तपासा, खराब झाली की बदला.
- फरशी नालीच्या कडेपेक्षा 1-2 मिमी उंच संपवा. उलट झालं तर नालीभोवती पाण्याची चौकट साचते.
- भिंत आणि फरशीचा कोपरा गोल करा, आणि नाली भिंतीला चिकटवून किंवा यंत्राच्या पोटाखाली देऊ नका.

ग्वाल्हेरच्या दगडी फरशीबद्दल नेहमी विचारलं जातं. घराच्या अंगणात तिला तोड नाही, पण हा वाळूचा दगड पाणी पितो आणि त्याच्या सांध्यांतलं सिमेंट आम्लाने झिजतं. धुलाईच्या जागेत ती काढा किंवा तिच्यावर थर द्या. साधा इपॉक्सी थर उकळत्या पाण्याने सुटतो. गरम पाणी सांडत असेल तर पॉलियुरेथेन काँक्रीट घ्या, 6 ते 9 मिमी जाड. वाफेने धुणार असाल तर 9 मिमीच.

पाइपचंही तसंच. साधा पीव्हीसी पाइप 60 अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि मध्ये झोका घेतो. त्या झोक्यात गाळ बसतो. पास्चरायझरची धुलाई 80 अंशांच्या आसपास होते. तिथे एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन किंवा स्टील वापरा. वळण 90 अंशांच्या एका बेंडने न घेता 45 च्या दोन बेंडनी घ्या, आणि प्रत्येक वळणावर उघडायचं तोंड ठेवा.

जानेवारी आणि मे

पुण्या-मुंबईचं पुस्तकी चित्र इथे जसंच्या तसं उतरवू नका. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, जानेवारीच्या पहाटे 3-4 अंशांवर येतो. तुपाची, वनस्पतीची चरबी उन्हाळ्यात पाण्यासारखी वाहून जाते आणि हिवाळ्यात पाइपच्या भिंतीवर मेणासारखी बसते. गजकचा हंगाम नेमका थंडीतला. त्यामुळे उन्हाळ्यात बांधलेली आणि तपासलेली नाली पहिल्याच हंगामात फसते.

थंडीसाठी तीन गोष्टी करा. ग्रीस ट्रॅप नालीच्या जवळ ठेवा, लांब कंपाउंडच्या टोकाला नको. चरबी ट्रॅपमध्ये गोठायला हवी, वाटेतल्या पाइपात गोठली तर पंचाईत. उघड्यावरचा पाइप जमिनीत गाडा. आणि कढया धुण्याआधी कागदाने किंवा रबरी खरवडणीने पुसून घ्या. चरबीचा बराच मोठा भाग तिथेच अडतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

उकळतं पाणी ओतून चरबी ‘काढायची’ सवय सोडा. ती निघत नाही, फक्त पुढे सरकते आणि दहा मीटरवर पुन्हा गोठते. तिथे तुमचा हात पोचत नाही. कॉस्टिकनेही तेच होतं : काही चरबीचा साबण होतो आणि तो पुढे जाऊन बसतो.

उन्हाळ्यातला प्रश्न वेगळा. ट्रॅपमध्ये 50 मिमी पाणी उभं असतं आणि तेच गटारातला वायू आणि झुरळं अडवतं. लू सुरू झाली आणि खोली काही आठवडे बंद राहिली की ते पाणी आटतं. गजकवाल्यांची शेड तर उन्हाळाभर बंदच असते, म्हणून दार उघडताच वास येतो. बंद खोलीत दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता. महिनाभर कोणी येणार नसेल तर पाण्यावर वाटीभर खाद्यतेल ओता. त्याचा पातळ थर पाणी आटणं लांबवतो.

घंटीच्या आकाराचा उचलता येणारा ट्रॅप बाजारात सगळ्यात जास्त मिळतो. तो चांगला आहे, एका अटीवर : तुंबल्यावर कामगार घंटी काढून बाजूला ठेवणार नाही. ठेवतोच. म्हणून एक घंटी जादा घेऊन ठेवा, आणि घंटी जागेवर आहे का हे पाळी संपताना पाहायच्या यादीत लिहा.

काय नालीत जाऊच नये

नालीचं निम्मं काम नालीच्या बाहेर होतं.

- तीळ : दाणा जेमतेम 3 मिमी लांब, 2 मिमी रुंद. बाजारातल्या जाळीची भोकं त्याहून मोठी असतात. जाळीखाली दीड मिमी भोकांची काढता येणारी टोपली बसवा. टोपली भरली की पाणी वरून वाहून जाऊ नये, म्हणून ती खोल घ्या.
- पाक : साखर-गूळ गरम पाण्यात विरघळतो, पण तीळ आणि तूप त्याच्यासोबत असेल तर त्याची चिक्कीच होते. भांडं आधी गरम पाण्यात भिजवा, खरवडा, मग धुवा.
- बटाट्याचं सत्त्व : चिप्सवाल्यांनी काप धुतलेलं पाणी आधी टाकीत निवळू द्या. तळाशी बसणारी पिठी पाइपात बसली तर घट्ट होते. टाकीत बसली तर सुकवून विकता येते.
- निवळी : 100 लिटर दुधाच्या पनीरमधून 80 लिटरच्या आसपास निवळी निघते. तिचा बीओडी (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) लिटरला 30 ते 50 हजार मिलिग्रॅम असतो. सार्वजनिक गटारात सोडायची सर्वसाधारण मर्यादा 350 आहे. पाणी मिसळून हा आकडा कधीच गाठता येणार नाही. निवळी वेगळ्या टाकीत धरा आणि गोठेवाल्यांना द्या. ताजी असेल तर गुरं ती पितात.

रोजची धुलाई

क्रम असा ठेवा : आधी सुका कचरा उचला, मग टोपली रिकामी करा, जाळी आणि घंटी काढून घासा, नालीचा तळ घासा, त्यानंतर यंत्रं धुवा आणि शेवटी सगळ्यावर जंतुनाशक. यंत्रं निर्जंतुक झाल्यावर नालीला हात लावायचा नाही. उत्पादन चालू असताना तर नाहीच.

नालीचा ब्रश वेगळ्या रंगाचा असावा आणि तो दुसरीकडे कुठेही दिसता कामा नये. जोरदार फवाऱ्याची मशीन नालीत मारू नका. डोळ्यांना न दिसणारे थेंब डोक्यापर्यंत उडतात आणि टेबलावर उतरतात. कमी दाबाचं पाणी आणि हाताने घासणं, यात कमीपणा नाही. ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकाच वेळी ओतला तर क्लोरीन वायू सुटतो, हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगा.

टाकीत माणूस उतरवू नका

ग्रीस ट्रॅप आणि गाळ बसायची टाकी एक मीटरपेक्षा खोल करू नका, आणि झाकण पूर्ण उघडेल असं ठेवा. वरूनच उपसता आली पाहिजे. कुजलेल्या चरबी-दुधातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण जीवघेणं होतं तेव्हा वासच येईनासा होतो. ‘वास गेला, आता उतर’ म्हणणं म्हणूनच घातक आहे.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला मनाई करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई 30 लाख रुपये ठरवली. ‘माणूस ठेकेदाराचा होता’ असं सांगून सुटू, या भ्रमात राहू नका. कारखान्यातल्या टाक्यांसाठी कामगार सुरक्षेचे नियम वेगळे लागू होतात, तिथेही तुम्ही जबाबदार. कामगारांनीही हे लक्षात ठेवावं : उतरायला नकार देणं तुमचा हक्क आहे.

ठेकेदाराशी करार

पैसे पूर्ण देण्याआधी हे कागदावर घ्या :

1. उतार, पाइपचा व्यास आणि प्रकार, स्टीलचा दर्जा, चेंबरच्या तळाची पातळी. चिठ्ठीवर नको, नकाशावर.
2. पाइप झाकण्याआधीचे फोटो, प्रत्येक वळणाचं अंतर लिहून.
3. पाण्याची चाचणी : खोलीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यांत बादल्या ओता आणि वीस मिनिटांनी पाहा. डबकं उरलं तर खडूने घेरा आणि तिथली फरशी पुन्हा करून घ्या. रंग घातलेलं पाणी असेल तर सांध्यातली गळतीही दिसते.
4. दहा टक्के रक्कम एक वर्ष राखून ठेवा. त्या वर्षात एक जानेवारी, एक मे आणि एक पावसाळा येऊन जाऊ द्या.

भाड्याची शेड असेल तर फरशी फोडण्याची लेखी परवानगी घ्या, आणि बाहेरच्या चेंबरची देखभाल कोणाकडे, हे भाडेकरारात लिहा. औद्योगिक वसाहतीत प्लॉट असेल तर तुमचं पाणी पुढे गटारात जातं की नाल्यात, हे आधीच विचारा. गटारात सोडायची मर्यादा तेल-चरबीसाठी लिटरला 20 मिलिग्रॅम, तरंगत्या घन पदार्थांसाठी 600 आहे. नाल्यात किंवा नदीत सोडायचं असेल तर त्याच मर्यादा 10 आणि 100 होतात, आणि बीओडी 350 वरून थेट 30 वर येतो. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात याहून कडक अटी असू शकतात. त्या वाचूनच ट्रॅपचा आकार ठरवा.

जुनी नाली असेल तर

सगळं फोडण्याइतके पैसे बहुतेकांकडे नसतात. मग खर्चाचा क्रम असा : आधी टोपली आणि पाण्याचा ट्रॅप, मग ग्रीस ट्रॅप, मग सांध्यांचं सीलंट, आणि सगळ्यात शेवटी फरशीचा उतार. पहिल्या दोन गोष्टींनी तुंबणं पुष्कळ कमी होतं. उताराचं काम गजकवाल्यांनी मे-जूनमध्ये काढावं, डेअरीवाल्यांनी खोली दोन भागांत विभागून.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने पाहणीत नालीवर बोट ठेवलं तर घाबरून जागच्या जागी काही कबूल करू नका. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सुधारणा नोटिशीत चूक काय, उपाय काय आणि मुदत किती हे लिहिलेलं असायला हवं, आणि मुदत 14 दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. नोटीस पाळली नाही तर परवाना आधी निलंबित आणि मग रद्द होऊ शकतो. लोकांच्या आरोग्याला धोका दिसला तर पदनिर्देशित अधिकारी (डेझिग्नेटेड ऑफिसर) कारणं लिहून तो लगेचही निलंबित करू शकतात. निर्णयाविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे 15 दिवसांत अपील करता येतं. फरशीचा उतार 14 दिवसांत बदलणं शक्य नसेल तर टोपली, ट्रॅप आणि सीलंटचं काम त्या मुदतीत पूर्ण करा. त्याचे फोटो आणि बिलं जोडा, आणि उरलेल्या कामाची तारीख ठेकेदाराच्या सहीच्या कागदासह देऊन लेखी मुदतवाढ मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.